न पुसलेल्या बाटल्या

आमच्या घरात ओल्या बरणीइतकं भय दुसऱ्या कशाचं नव्हतं. शेडात साप निघाला तर वडील काठी घेऊन सावकाश उठायचे. पण धुतलेल्या बरणीच्या तळाशी पाण्याचा थेंब दिसला की आई घर डोक्यावर घ्यायची. कराडला आमच्या दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं शेड. शेडात आई लोणची घालायची आणि वडील ती टेम्पोतून दुकानांत पोचवायचे. माझं शिक्षण त्या लोणच्यावर झालं. हे मी मोठमोठ्या सभांमध्ये सांगितलं आहे, आणि सांगताना मान कधी खाली गेली नाही, उलट जरा वरच झाली. आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजात मला जे शिकवलं ते मी फार मनावर घेतलं. आणि घरी जे शिकवलं ते मनावर न घेताच हातात उतरलं. त्या दोहोंची एकदा गाठ पडली, सेंदाईत, बिअरच्या बाटल्या धुताना. त्याची ही हकीकत.

बरणी धुण्याची आईची रीत ठरलेली होती. आधी सोड्याच्या गरम पाण्यानं घासायची, मग उकळतं पाणी ओतून हिंदकळायची, मग पत्र्यावर पालथी घालायची. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की बरणी ठेवताच बोटं झटकावी लागत. संध्याकाळी उतरवल्यावर आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं ती आतून-बाहेरून पुसायची. ही फडकीसुद्धा उकळून त्याच पत्र्यावर वाळवलेली असत, वाळून पापडासारखी ताठ झालेली. शेवटी निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्या धुरावर बरणी पालथी धरायची. मग आई बरणीला टिचकी मारून कान लावायची. कोरडी बरणी खणकन वाजते आणि ओली दबकी वाजते, असं तिचं म्हणणं. खरं की खोटं, हे इतकी शिकूनही मी तपासलेलं नाही. घरात एकीकडे मोहरी फेसल्याचा झणका, दुसरीकडे या टिचक्या, आणि मधूनच आईचा आवाज, "आगं, पुस नीट! कोपऱ्यात बोट घालून पुस!" माझं बालपण म्हटलं की मला हेच ऐकू येतं.

सेंदाईच्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा भूकंप आणि त्सुनामी होऊन वर्ष उलटलं होतं. वडील म्हणाले, "सगळी माणसं तिथनं बाहेर पडाय लागल्यात आन् तू आत चाललीस व्हय?" आईनं एक सुती लुगडं फाडलं, त्याचे चौकोन केले, कडा दुमडून शिवल्या आणि ती चळत माझ्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवली. "तिकडं पुसायला काय मिळतंय, कुणाला ठावं," एवढंच बोलली. माझा विषय होता लोणच्यात आणि दह्यात वाढणारे जिवाणू. आईला मी तो समजावून सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी मी ज्यास्नी जलमभर हाकललं, त्यास्नी तू पाळणार."

सेंदाईत मी मुग्धावहिनींच्या घरी वरच्या खोलीत राहायचे. त्या पुण्याच्या, त्यांचे यजमान विद्यापीठात संशोधक, सकाळी सायकलवर जात ते रात्री परतत. वहिनी नवऱ्याबरोबर म्हणून आल्या होत्या, तेव्हा नोकरी नव्हती आणि जपानीही जेमतेम, म्हणून त्यांची सगळी हुशारी स्वयंपाकात आणि मला चिडवण्यात खर्च व्हायची. तिथल्या ढोबळ्या मिरच्या बोटाएवढ्या; त्यांत पीठ भरून त्या तव्यावर अशा खरपूस परतायच्या की जपानी शेजारीण वासावर यायची. थंडीत रॉकेलवाल्याची गाडी गाणं वाजवत गल्लीतून जायची. आणि भूकंपाचे लहान धक्के येतच असत. आम्हाला कळायच्या आधी ते वहिनींच्या मांडणीतल्या स्टीलच्या ताटांना कळायचे. ताटं किणकिणायला लागली की वहिनी हातातलं लाटणं तसंच धरून थांबायच्या. किणकिण थांबली की, "हं, झालं," म्हणून पोळी पुढे लाटायच्या. आज माझ्या घरी स्टीलची ताटं नाहीत. मुलगी म्हणते कशाला हवीत. पण धक्का आला की मी अजून आधी कान टवकारते आणि मग लक्षात येतं, वाजायला काही नाहीच.

शनिवारी आम्ही दोघी बसनं किनाऱ्याकडच्या एका वसाहतीत जायचो. त्सुनामीत घरं गेलेल्यांसाठी सरकारनं बांधलेली ती तात्पुरती घरं, एकाला एक चिकटलेली, लांबच लांब डब्यांसारखी. भिंती इतक्या पातळ की एकाचा खोकला दुसऱ्याला ऐकू जाई. मधोमध एक सामाईक खोली होती, तिथे चहा चाले. ती खोली चालवायच्या चिबा-सान (सान म्हणजे तिकडचं बाई किंवा राव), सत्तरीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र बाजारात मासे विकून घडवलेला. विद्यापीठातली आम्ही काही मुलं-मुली तिथे चहाला, गप्पांना जायचो. बायका यायच्या, विणकाम करायच्या, मुळ्याचं लोणचं खिलवायच्या. पुरुष यायचे नाहीत. एकटे राहिलेले पुरुष दार लावून बसायचे, आणि चिबा-सानना त्याचीच धास्ती. "बायका रडतात आणि खातात," त्या म्हणायच्या. "हे लोक नुसते टीव्ही बघतात. सुवाती-सान, तू आंबवण्यातली शिकलेली ना? यांना बाहेर काढेल असं काहीतरी आंबव."

स्वाती म्हणणं तिथे कुणाला जमायचं नाही, मी सुवातीच होते. मी बिअर सुचवली. जपानात घरी बिअर करायला कायद्यानं बंदी आहे. दारूचा अंश एक टक्क्याच्या आत राहिला तरच चालतं. म्हणून मी बार्लीचा आयता पाक आणला, आमच्याकडच्या काकवीसारखा दाट आणि काळपट, आणि त्यात डब्यावर लिहिलं होतं त्याच्या कितीतरी जास्त पाणी घालायचं ठरवलं. वहिनींनी हिशेब ऐकून कपाळाला हात लावला.

"अगं, ही बिअर की बार्लीचं सरबत?"

"वहिनी, कायदा आहे."

"कायदा आहे गं, पण चव? कराडची पोर लोणच्याच्या पैशांवर शिकली आणि परदेशात जाऊन पाणीदार बिअर गाळते. आईंना काय सांगणार आहेस?"

"आंबवते म्हणून सांगेन."

"काय आंबवतेस ते विचारतील ना!"

पहिल्या दिवशी चारपाच म्हातारे आले, हात मागे बांधून भिंतीशी उभे राहिले. मी जपानीत भाषण तयार करून आणलं होतं. बिअर करणं म्हणजे बहुतेक वेळ भांडी धुणं, हे मी सांगितलं. धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं, हेही. आधी मळ काढायचा, मऊ स्पंजनं, कारण प्लास्टिकच्या पिंपाला ओरखडा पडला की त्यात जंतू घर करतात. मग जंतुनाशकाच्या पाण्यात सगळं बुडवायचं, पिंप, नळी, तोटी, बाटल्या, झाकणं. आमची बिअर इतकी सौम्य की तिच्यात जंतूंना अडवायला दारूही पुरेशी नाही, त्यामुळे सगळा भार धुण्यावर. शेवटी मी एक गोष्ट सांगितली, जी मला माझ्या प्राध्यापकांनी सांगितली होती. बाटली रिकामी झाली की लगेच विसळायची. तळातला गाळ वाळला की निघत नाही. ज्याला पुन्हा बिअर करायची असते तो उठून बाटली विसळतो. ज्याला करायची नसते तो तशीच टेबलावर सोडून जातो. म्हाताऱ्यांनी मान डोलावली आणि त्यांतला एक जण उभ्यानंच झोपला.

ओइकावा-सान माझ्या भाषणाला आलेच नव्हते. त्यांचं घर सामाईक खोलीला लागून. आमच्या पिंपाची तोटी ठिबकत होती आणि खाली पत्र्याचा डबा ठेवला होता. तो थेंब टप टप करत त्यांच्या भिंतीपलीकडे ऐकू जात असणार. दुपारी दार उघडलं, एक उंच, वाकलेला माणूस आत आला, कुणाकडेही न बघता गुडघ्यावर बसला, तोटी काढली, आतली रबराची चकती उलटी केली आणि पुन्हा बसवली. थेंब थांबला. तो उठून जायला निघाला तेव्हा चिबा-सान दारात आडव्या उभ्या. "चहा पिऊन जा. नाहीतर मी तोटी पुन्हा सैल करीन." तो बसला. किनाऱ्यावर त्यांचा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा कारखाना होता. कारखाना गेला, घर गेलं, बायको गेली. एवढंच चिबा-सान नंतर मला म्हणाल्या आणि केटलीत पाणी घालायला उठल्या.

त्यानंतर ओइकावा-सान दर शनिवारी यायला लागले. बाटल्यांचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. वसाहतीतल्या कचरा वेगळा करायच्या जागेवरून, चिबा-सानना विचारून, तपकिरी बाटल्या उचलून आणायचे, गरम पाण्यात भिजवून लेबलं सोलायचे, प्रत्येक बाटली दिव्यासमोर धरून आत बघायचे. बोलायचे नाहीत. पण एकदा बाटली धुता धुता त्यांनी शीळ घातली आणि चिबा-साननी माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी पिचली.

आणि मी काय करत होते? मी पुसत होते. जंतुनाशकातून निघालेली प्रत्येक बाटली, पिंप, नळीचं टोक, सगळं मी आईच्या लुगड्याच्या फडक्यानं कोरडं करत होते, बोट घालून, कोपरे सोडत नव्हते. म्हाताऱ्यांनाही तेच शिकवत होते. "थेंब राहता कामा नये," मी जपानीत म्हणायचे आणि मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा. प्रयोगशाळेत मी असं कधीच केलं नसतं. तिथे निर्जंतुक केलेल्या भांड्याला फडकं लावणाऱ्याला मीच हाकललं असतं. पण प्रयोगशाळेत माझे हात विद्यापीठाचे असायचे, आणि मोरीपाशी बसून बाटली हातात आली की ते आईचे व्हायचे. लोणच्याला पाणी चालत नाही. बिअरला त्या पाण्याचं काय वावडं, ती तर सगळी पाणीच; आणि आमचं जंतुनाशक, जे नंतर धुऊन काढावं लागत नाही, ते ओलं असेतोवरच राखण करतं. हे सगळं मला माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

पिंपात पाक, पाणी आणि यीस्ट आंबल्यावर बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली, लाकडी खोक्यात घालून वर जुनी गोधडी टाकून कोपऱ्यात ठेवल्या. पुढच्या एका शनिवारी रॉकेलच्या स्टोव्हवर केटली उकळत होती, वहिनींनी आणलेल्या शंकरपाळ्या फिरत होत्या, आणि खोक्यात धडाम आवाज झाला. लगेच दुसरा. पुढे जे झालं ते मी अजून विसरले नाही. कुणी किंचाळलं नाही. चिबा-साननी सर्वांत आधी स्टोव्ह बंद केला आणि टेबलाखाली गेल्या. बाकीच्या बायकाही, भूकंपाच्या सवयीनं, एकमेकींना जागा करून देत. उभ्या राहिलो मी आणि वहिनी, हातात शंकरपाळ्यांचा डबा घेऊन. मग गोधडीखालून फेस वाहत आला आणि खोलीभर आंबलेल्या ताकाचा वास पसरला. चिबा-सान टेबलाखालून बाहेर डोकावल्या, फेसाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बिअर आहे." सगळ्या हसल्या, थोड्या जास्तच हसल्या. कुणाला लागलं नव्हतं. काचा गोधडीतच राहिल्या होत्या. पण मी मागे वळून बघितलं तेव्हा ओइकावा-सानची खुर्ची रिकामी होती.

उरलेल्या बाटल्या आम्ही अंगणात नेऊन, हातात जाड मोजे घालून, एकेक उघडून ओतून दिल्या. सगळ्याच नासल्या होत्या, गळ्याशी पांढरं कडं धरलेलं; आत शिरलेल्या जंतूंनी वायू कोंडून त्या दोन फोडल्या होत्या. पुढच्या शनिवारी ओइकावा-सान आले नाहीत, त्याच्या पुढच्याही. पडदा ओढलेला, आत टीव्ही. चिबा-सान त्यांच्याकडे जेवण ठेवायला जात. एकदा परत आल्या आणि म्हणाल्या, "तो म्हणतो, बाटल्या माझ्या होत्या. मी हात लावतो ते टिकत नाही." बिअर गेली तर गेली, पाक पुन्हा आणता येईल. पण हा माणूस त्या एका वाक्यासकट दार लावून बसला होता, आणि ते वाक्य खरं की खोटं हे शोधायची विद्या माझ्याकडे होती. चार लोकांत मिरवायला नाही, तर याच्यासाठी आईनं मला शिकवलं असं मला त्या दिवशी वाटलं.

प्राध्यापकांना विचारून मी प्रयोगशाळेतून काचेच्या चपट्या झाकणबंद ताटल्या आणल्या, त्यांत जंतूंना वाढायला आवडतं अशी खळ ओतलेली. निर्जंतुक कापसाचे बोळे घेतले. पिंपाच्या आतून फिरवला, तोटीच्या आतून, नळीतून, ओइकावा-साननी निर्जंतुक करून झाकून ठेवलेल्या, माझं फडकं न लागलेल्या शिल्लक बाटल्यांतून, चिबा-सानच्या हातावरून, वहिनींच्या, माझ्या. शेवटी ओइकावा-सानच्या दारावर टकटक केली. "हात हवाय," मी म्हटलं. "ओइकावा-सान, फक्त हात. तुम्ही नाही आलात तरी चालेल." बऱ्याच वेळानं दार वीतभर उघडलं आणि फटीतून एक हात बाहेर आला, पालथा, मग उताणा झाला. तळव्याच्या रेषांत इंजिनाचं काळं तेल कायमचं बसलेलं. मी त्यावरून बोळा फिरवला. आतून आवाज आला, "मला आधीच माहीत आहे."

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मला बघावं लागतं."

निघताना मोरीजवळच्या दोरीवर माझं फडकं वाळत पडलेलं दिसलं. हाताला गारच लागलं. त्या खोलीत वाफ, बाहेर बर्फ, ते फडकं गेल्या शनिवारपासून तसंच दमट. मी थबकले. मग एक बोळा त्यावरूनही फिरवला, आणि खरं सांगते, बसमध्ये बसेपर्यंत मला उत्तर कळलेलं होतं.

ताटल्या प्रयोगशाळेच्या उबदार कपाटातून निघाल्या त्या शनिवारी ऊन पडलं होतं. चिबा-सान म्हणाल्या, "तो चहाला येत नाही ना, मग चहा त्याच्याकडे जाईल." त्यांनी टेबल, खुर्च्या, केटली, सगळं उचलून ओइकावा-सानच्या दाराबाहेर गल्लीत मांडलं, असं की दार उघडलं तर थेट टेबलालाच लागेल. बायका मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या. मी एकेक ताटली टेबलावर ठेवली, चिकटपट्टीनं बंद केलेली, आणि बायका झाकणावरून बघू लागल्या. एकीवर पिवळे, पांढरे, गुलाबी ठिपकेच ठिपके.

"शी! ही कुणाची?" चिबा-सान ओरडल्या.

"तुमच्या हाताची."

"मी आज साबणानं धुतलेत!"

"ही त्या दिवशीची, चिबा-सान. तुम्ही मासे साफ करून आला होतात."

हशा पिकला. वहिनींची ताटली आली तेव्हा त्या मराठीत पुटपुटल्या, "अगं, झाक ती, पुण्याची अब्रू आहे." गोंगाट एवढा वाढला की दार उघडलं, टेबलाला लागलं, आणि ओइकावा-सान फटीत उभे राहिले. मी त्यांच्या हाताची ताटली पुढे केली. त्यावर ठिपके होते, चिबा-सानपेक्षा कमी, माझ्याइतकेच. "माणसाचा हात," मी म्हटलं. "सगळ्यांचा असाच असतो." मग त्यांच्या बाटल्यांची ताटली ठेवली. ती स्वच्छ होती. खळ आरशासारखी, एकही ठिपका नाही. मी त्याच बाटल्यांच्या आणखी ताटल्या शेजारी मांडल्या. सगळ्या तशाच.

"या तुम्ही धुतलेल्या," मी म्हटलं. "मी पुसायच्या आधी."

आणि शेवटची ठेवली. तिच्यात खळ दिसतच नव्हती. शिळ्या भाकरीवर बुरशी धरावी तसा काठापासून काठापर्यंत पांढरा-हिरवा थर होता. बायका मागे सरकल्या. "हे फडकं," मी म्हटलं. "माझं आहे. माझ्या आईच्या साडीचं. तुम्ही बाटल्या निर्जंतुक केल्यात आणि मी त्या पुसून नासवल्या." जपानीत क्षमा मागायची खास वाक्यं आहेत, ती मी वर्गात पाठ केली होती, ती एकही आठवेना.

ओइकावा-सान बाहेर आले. त्यांनी आधी फडक्याची ताटली उन्हात धरून खालून-वरून बघितली, जशी बाटली बघायचे. मग स्वतःच्या बाटल्यांची. ती बराच वेळ धरून ठेवली. मग ताटली खाली ठेवून मला विचारलं, "आईला सांगणार?"

"सांगावं लागेल."

"रागावेल?"

"खूप."

त्यांचे खांदे हलले. ते हसत आहेत हे मला आधी कळलंच नाही, कारण आवाज नव्हता. आवाज थोड्या वेळानं आला. मग त्यांनी खुर्ची ओढून बसत एकदम कामाचा प्रश्न केला, "पुसायचं नाही, तर वाळवायचं कसं?"

"वाळवायचंच नाही. पालथं घालायचं, निथळू द्यायचं आणि ओलं असतानाच भरायचं."

त्यांनी मान हलवली आणि चहाचा पेला पुढे केला.

आईला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. काय आंबवते तेही सांगून टाकलं, मग फडक्याचं सांगितलं. "म्हंजी माझं लुगडं नापास झालं म्हण की," आई म्हणाली. मी म्हटलं, लुगडं नाही, इथलं ऊन नापास झालं. कराडच्या तापलेल्या पत्र्यावर फडक्यातलं सगळं मरत होतं, आणि ते श्रेय आपण फडक्याला देत होतो. इथे तो पत्रा नाही, ते ऊन नाही, नुसती ओल. लोणच्यात मीठ आणि तेल राखण करतं, इथे तेही नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. "हे तुला कळालं कसं?" तिनं विचारलं. मी ताटल्यांचं सांगितलं. "बघून सांगितलंस व्हय? अंदाजानं न्हाई?" "बघून, आई." "मग झालं तर," ती म्हणाली, आणि मागे वडिलांना ओरडून सांगताना ऐकू आली, "आवं, पोरीनं माझी चूक काढली!" इतक्या आनंदानं आपली चूक कुणी सांगितलेली मी नंतर ऐकली नाही.

दुसऱ्या खेपेला ओइकावा-साननी एक रॅक बनवला. जुन्या फळ्यांचा, वर रांगेनं लाकडी खुंट्या, किंचित तिरक्या, प्रत्येक खुंटीवर एक बाटली पालथी बसेल अशा. खुंट्यासुद्धा जंतुनाशकानं धुवायच्या, हे त्यांनीच ठरवलं. आपली अवजारं आणून त्यांनी तोटीचे सगळे भाग सुटे केले आणि आता दर वेळी असंच, असं जाहीर केलं. चिबा-सान फडकं दिसलं की हातावर चापट मारायच्या. वहिनींनी सवयीनं पदर पुढे केला तर पदरावरही मारली. "निदान हिंगाची धुरी तरी देऊ या का गं?" वहिनींनी मला विचारलं. "वहिनी, नको." "वास तरी लागला असता बिचारीला." बाटल्या भरून या वेळी खोकं अंगणातल्या पत्र्याच्या कपाटात ठेवलं, कुणी घाबरू नये म्हणून. आणि आठवडे गेले तरी कपाटातून आवाज आला नाही.

ती वसाहत आता नाही. माणसं हळूहळू पक्क्या इमारतींत गेली, जागेवर काही वर्षं गवत होतं. मीही पुढे टोकियोकडे आले, संसार झाला, केस पिकले. माझ्या स्वयंपाकघरात धुतलेली भांडी पालथी निथळत असतात आणि मुलगी जपानीत कुरकुरते की इतर आयांसारखी पुसून का ठेवत नाहीस. तिला मी दर वेळी वेगळं उत्तर देते. आईची उरलेली फडकी मी टाकली नाहीत. पण आता ती फक्त चष्मा पुसायला.

बाटल्या उघडल्या तेव्हा चेरीचा बहर ओसरून गेला होता आणि दारं उघडी ठेवण्याइतकी ऊब आली होती. पहिली बाटली चिबा-साननी ओइकावा-सानसमोर ठेवली. त्यांनी झाकण काढलं. फस्स असा छोटा, नीटस आवाज. सगळ्यांनी कान देऊन तो ऐकला आणि कुणीही टेबलाखाली गेलं नाही. बिअर पातळ होती, हे मान्य करायला हवं. थोडी कडू, थोडी भाजलेल्या धान्याच्या वासाची, पण निर्मळ. वहिनी म्हणाल्या, "सरबतच आहे, पण चांगलं आहे," आणि दुसरा पेला घेतला. चिबा-सान दारू चढल्यासारखं नाटक करून गाऊ लागल्या, एक टक्क्याच्या आतल्या बिअरवर.

या गोंधळात ओइकावा-सान उठले. मला वाटलं, निघाले. ते दाराकडे गेले नाहीत. मोरीपाशी गेले, आपली रिकामी बाटली नळाखाली धरली, हिंदकळली, ओतली, पुन्हा हिंदकळली. वहिनींनी सवयीनं त्यांच्यापुढे हात पुसायला कागद धरला, तर त्यांनी ओले तळवे दाखवून मान हलवली. मग बाटली दिव्यासमोर धरून आत बघितलं आणि पहिल्या खुंटीवर पालथी घातली. आमच्या टेबलावर अजून अर्ध्या भरलेल्या बाटल्या होत्या. त्यांनी रॅककडे बघितलं, आमच्याकडे बघितलं.

"लवकर संपवा," ते म्हणाले. "खुंट्या रिकाम्या आहेत."